इंचअण्णांची मापाची

रेल्वेत नोकरी, खिशात फुकटचा पास, धारवाडचं स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि हा गृहस्थ हुबळीच्या वर्कशॉपला रोज सायकलवरून जायचा! जाताना बारा-तेरा मैल, येताना तेवढेच. जाताना उतार असतो असं म्हणून निदान समजूत घालता येई. पण संध्याकाळी, दिवसभर राबल्यावर, उणकलचं तळं मागं पडलं की जो चढ सुरू होतो तो थेट धारवाडपर्यंत. माळमड्डीच्या नाक्यावरचे टांगेवाले त्यांना पाहून ओरडत, "अण्णा, आ पास नमगर कोड्री!" म्हणजे तो पास आम्हाला तरी द्या. अण्णा नुसते हसायचे आणि पायडल मारायचे. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण पास या शब्दाचा उच्चार झाला की मला परीक्षेआधी अण्णाच आठवतात, आणि मी तर पेशानं मास्तर.

माळमड्डीत त्यांना सगळे इंचअण्णा म्हणत. वर्कशॉपात ते लाकडी साचे करायचे. इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. मग त्याचा ठसा वाळूत उमटवून त्यात लोखंड ओततात. तेव्हा सूतभर चूक म्हणजे मणभर लोखंड वाया. या सवयीनं लोक कोटाच्या खिशाला पेन लावतात तिथं अण्णा घडीची लाकडी फूटपट्टी बाळगत, आणि ती कुठंही बाहेर काढत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे पुढं आले आणि भटजींना म्हणाले, "अंतरपाट पाऊण इंच डावीकडं कललाय बघा." भटजी मंगलाष्टकं थांबवून अंतरपाट सरळ करेपर्यंत अण्णा हलले नाहीत. मी एकदा त्यांना म्हटलं, अण्णा, दिसतंय की ते डोळ्यांना, पट्टी कशाला? तर म्हणाले, "डोळा माणसाचाच आहे की मास्तर. त्याला जे बघायचं असतं तेवढंच तो बघतो."

त्यांचा स्वतःचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आखूड होता. हे मापसुद्धा त्यांचंच. चार वर्षांचे असताना ताप आला. ताप उतरला, पण पाय मागंच राहिला. त्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणत असू, तिनं तीन वर्षं रोज तेल लावून तो पाय ओढून बघितला. "ओढून ओढून माझेच हात लांब झाले रे," ती सांगायची. विधवा होऊन माहेरी आलेली ही बाई आणि लग्न न केलेले अण्णा, एवढीच त्या घरात माणसं. पायी जायची वेळ आली की अण्णा स्टेशनरोडनं कधी जात नसत. दोन घरांच्या मागून एक अरुंद बोळ होता, त्यातून जायचे, तेही डावं अंग भिंतीकडं ठेवून. रेल्वेच्या पासाचं कोडं मला तिथंच उलगडायला हवं होतं, पण मीही माणसाच्याच डोळ्याचा.

ते कोडं त्यांनीच एकदा सोडवलं. माझी शाळा हुबळीतल्या केशवापूरला आणि बिऱ्हाड धारवाडला, म्हणून सहा वर्षं आम्ही बरोबरच सायकलनं ये-जा केली. एकदा वाटेत नवलूरला थांबून आम्ही पेरू खात होतो. आभाळ स्वच्छ होतं, अण्णा खुशीत होते. एकदम म्हणाले, "फलाट फार लांब असतो हो मास्तर. आणि बाकांवर बसलेल्या लोकांना गाडी येईपर्यंत बघायला दुसरं काही नसतं." मग पेरूच्या बिया थुंकून सायकलवर बसले. त्यांच्या मागून जाताना मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की सायकलवर हा माणूस लंगडत नाही.

सायकली त्यांच्याकडं एकूण पाच. बेळगावच्या छावणीच्या लिलावातून आणलेली जाडजूड 'बेळगाववाली'. एका मिशनऱ्याकडून घेतलेली काळी, गंभीर 'पाद्री', जी त्यांनी मला वापरायला दिली होती. लाल रंगाची 'पोस्टमन'. बायकांच्या घाटाची, मधला दांडा नसलेली 'मडम'. सगळ्या मोडक्या अवस्थेत आणून त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या. सोप्यावर त्या ओळीनं उभ्या असत आणि अक्काला हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना त्यांच्यामधून अंग चोरून यावं लागे. "घरात सुना यायच्या त्या या आल्या," अक्का म्हणायची, "आणि एकही स्वयंपाक करत नाही."

पाचवीचं नाव 'मापाची'. ती विकत मिळणारी नव्हतीच. निरनिराळ्या गाड्यांच्या चांगल्या नळ्या निवडून, स्वतःच्या अंगाच्या मापानं कापून, वर्कशॉपातल्या एका दोस्ताकडून पितळेनं झाळून घेतलेली. हँडल पुढं झुकलेलं, नळीत वाळू भरून वाकवलेलं. कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, स्टँड नाही. "जे गाडी पुढं नेत नाही ते गाडीवर नको," असा नियम. कॅरियर नसल्यानं हुबळीच्या बाजारातून येताना कुणाचं पोतंही आणावं लागत नसे, हा वरचा फायदा. दोन बोटांनी उचलली जाई इतकी हलकी. भिंतीला टेकवताना मात्र नेहमी डावी बाजू भिंतीकडं, आणि रस्त्यानं बरोबर चालवताना मला नेहमी उजव्या हाताला किंवा मागं ठेवायचे. पहिली चार वर्षं त्या सायकलची डावी बाजू मी नीट बघितली नव्हती.

ती बघितली ती अण्णांना विषमज्वर झाला तेव्हा. सहा आठवडे ते अंथरुणावर होते. त्यांच्यासाठी आपण काहीतरी करावं असं मला फार वाटत होतं. मी ठरवलं, मापाची पुसूनबिसून, तेलपाणी करून ठेवायची. उठतील तेव्हा खूश होतील. सायकल आगगाडीत घालून हुबळीला एका दुकानात नेली. दुकानदारानं डाव्या बाजूला वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इदु कुंट सायकल ऐत्री, मास्तर!" लंगडी सायकल! खरंच, डाव्या पायडलचा दांडा उजव्यापेक्षा आखूड होता, आणि पायडलवर शिसवीचा एक जाड ठोकळा बसवलेला. ठोकळ्याला मधे खळगा पडला होता. वर्गात एक बाक रांगेबाहेर असलं तर मला शिकवणं सुचत नाही. मी म्हटलं, कर सरळ. आखूड पायाचा माणूस मला रोज दिसत होता, आखूड दांडा समोर होता, आणि दोन्हींची बेरीज या गणिताच्या मास्तराला करता आली नाही!

अण्णा बरे झाले. पहिल्या दिवशी कोट घालून, पट्टी खिशाला लावून, ऐटीत मापाचीवर बसले. मी मुद्दाम दारात उभा होतो. पहिल्याच फेऱ्यात डावा पाय पायडलपर्यंत पोचला नाही, आणि अण्णा नाक्यावर, टांगेवाल्यांच्या समोर, आडवे झाले. धावत गेलो तर त्यांनी माझा हात घेतला नाही. उठले, धोतर झटकलं, सायकल हातात धरून लंगडत बोळात शिरले. इतक्या वर्षांत त्या रस्त्यानं त्यांना सायकलवरून पडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या प्रेमामुळं सगळ्यांनी पाहिलं.

तीन दिवस ते बोलले नाहीत. चौथ्या दिवशी हाक आली. म्हणाले, "मास्तर, राग गेला माझा. वाकडं दिसलं की सरळ करायचं, हेच तुम्हाला शिकवलंय आणि हेच तुम्ही शिकवता. पण एक सांगा, त्यावर बसणारा कसा आहे हे कोण बघायचं?" मी रविवारी हुबळीला जाऊन त्या दुकानामागचा भंगाराचा ढीग उपसला. दांडा सापडला. ठोकळा मात्र चहाच्या चुलीत गेला होता. अण्णांनी नवा केला, पण हातात फिरवून म्हणाले, "खळगा पडायला आता दहा वर्षं लागतील." मी शाळेत एका डावखुऱ्या पोराला उजव्या हातानं लिही म्हणून दरडावत होतो, ते त्या दिवसापासून बंद केलं. पोराला कारण कळलं नाही, हेडमास्तरांनाही नाही.

दहा वर्षं काही मिळाली नाहीत. लढाईच्या दिवसांत अण्णांना चढावर दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सायकल बंद म्हणून सांगितलं. अण्णांनी वाद घातला नाही. घरी येऊन पाचही सायकली पुसल्या आणि म्हणाले, "सायकल उभी राहिली की गंजते. विकायच्या."

टायर-ट्यूबांसाठी लोक तेव्हा वणवण करत होते, त्यामुळं गिऱ्हाइकांची रांग लागली. पण अण्णांचं विकणं म्हणजे सोयरीक जुळवण्यापेक्षा अवघड. आधी गिऱ्हाइकाला भिंतीला पाठ लावून उभं करायचे, पायाचं माप, हाताचं माप, खांद्याचं माप. एक बडे वकील 'पोस्टमन' मागायला आले. मोजून झाल्यावर अण्णा अदबीनं म्हणाले, "साहेब, गाडी तुम्हाला दोन इंच मोठी होते. लहान सायकल बघा, नाहीतर तुम्ही तरी वाढा." वकील तणतणत गेले. 'पोस्टमन' एका तारवाल्याला मिळाली, 'मडम' दवाखान्यातल्या सुईणीला, 'बेळगाववाली' कलघटगीच्या एका दूधवाल्याला. 'पाद्री' मी घेतली. फुकट द्या असं मी म्हटलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं, "फुकट मिळालेल्या वस्तूपुढं माणूस मिंधा होतो. विकत घेतली की हक्कानं वापरतो."

राहिली मापाची. तिला तर सगळ्यात जास्त मागणी. अण्णा प्रत्येकाला एकच विचारत, "घेतल्यावर पहिल्यांदा काय करणार?" आणि प्रत्येक जण डाव्या बाजूला वाकून बघून तेच उत्तर देई, "हे डावीकडचं सरळ करून घेणार." अण्णा म्हणत, "चहा घ्या आणि या." एकानं दुप्पट किंमत सांगितली, एकानं तिचे भाग वेगळे करून विकायची परवानगी मागितली. त्याला तर चहाही मिळाला नाही.

शेवटी मी धीर करून म्हटलं, "अण्णा, मला द्या. मी सरळ करणार नाही. चालवणारही नाही. भिंतीला टांगून ठेवतो, तुमची आठवण म्हणून."

"भिंतीला टांगायला कॅलेंडर आणा की," अण्णा म्हणाले. मग माझं तोंड उतरलेलं बघून आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे दोन्ही पाय सारखे आहेत, मास्तर. तुम्हाला ती लंगडीच वाटणार. जिला मी कधी लंगडा वाटलो नाही, तिला दुसऱ्यानं लंगडी म्हणू नये, एवढंच मला बघायचंय."

मला वाईट वाटलं ते वाटलंच. खोटं कशाला सांगू, रागही आला. आपल्यापेक्षा आखूड पायाचा कुणीतरी तिला घेऊन जाणार याचा हेवा वाटणारा सगळ्या धारवाडात मी एकटाच असेन.

सायकल सुटल्यावर अण्णांना वर्कशॉपला जायला आगगाडीशिवाय इलाज उरला नाही. तो पास अखेर बाहेर निघाला. मीही 'पाद्री' घरी ठेवून त्यांच्याबरोबर गाडीनं जाऊ लागलो. रोज सकाळी आम्ही बोळातून स्टेशनात जात असू आणि फलाटाच्या अगदी टोकाला, भिंतीपाशी उभे राहत असू. आणि तिथं मी एक गंमत पाहिली. आयुष्यभर ज्यांनी लोकांच्या नजरा चुकवल्या ते अण्णा आता फलाटावरच्या लोकांचे पाय बघायला लागले होते. कुणी लंगडताना दिसला की पुटपुटायचे, "उजवा... हाही उजवा... हा तर काठी घेऊन नाटक करतोय." धारवाडात एवढी माणसं लंगडतात हे मला तेव्हाच कळलं. तीन महिने डावा पाय काही मिळेना.

एके सकाळी अळनावरची गाडी लागली आणि तिच्यातून तिशीचा एक धिप्पाड माणूस उतरला. खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा. दोनच पावलं त्यानं टाकली असतील, अण्णांनी माझा दंड धरला. "डावा! मास्तर, डावा!" आणि मी काही म्हणायच्या आत हा माणूस फलाटाच्या मध्यातून, बाकांवरच्या सगळ्या लोकांच्या देखत, लंगडत धावत सुटला.

मी पोचलो तेव्हा अण्णा त्या माणसाच्या पायाशी बसून पट्टी उघडत होते. तो संतापानं लाल झाला होता. "नन्न चेष्टे माडतीरेन्री?" तो ओरडला. माझी थट्टा करता काय? भोवती माणसं जमली. कुणीतरी हसलं. अण्णा उठले. त्यांनी स्वतःचं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि आपला वाळलेला डावा पाय त्या माणसाच्या पायाशेजारी टेकवला.

"नोडपा," ते म्हणाले, "नंदू हंगऽ ऐती." बघ बाबा, माझाही तसाच आहे.

तो माणूस त्या दोन पायांकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्या माणसानं आपण होऊन पाय पुढं केला आणि अण्णांनी माप घेतलं. पावणेदोन इंच. "एक सूत जास्त," अण्णा मला म्हणाले, "ठोकळ्यात जमवता येईल." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना वर्कशॉपला उशीर झाला.

त्याचं नाव बसप्पा. अळनावरच्या लाकडाच्या डेपोत ओंडके चढवताना एक पायावर पडला आणि हाड जुळलं ते असं. आता ओंडक्यांवर शिक्के मारायचं बसून करण्यासारखं काम त्याला दिलं होतं. पण डेपो गावापासून चार मैल, पोचायला उशीर होई आणि मुकादम म्हणायला लागला होता, उद्यापासून येऊ नको. पाय वाढवता येतो का हे विचारायला तो धारवाडच्या डॉक्टरांकडं आला होता. "बेळेयंगिल्ल अंदरु," तो म्हणाला. वाढत नाही म्हणाले.

"पाय वाढत नाही," अण्णा कानडीत म्हणाले, "पण सायकल कमी करता येते."

घरी आणून त्यांनी त्याला मापाची दाखवली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिची डावी बाजू भिंतीपासून फिरवून उजेडात केली. नेहमीचा प्रश्न विचारला, घेतल्यावर पहिल्यांदा काय करणार? बसप्पा आखूड दांड्यावरून हात फिरवत राहिला. म्हणाला, "आधी चालवायला शिकणार. मला सायकल येत नाही."

अण्णा इतके हसले की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. किंमत काय ठरली ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

चार रविवार बसप्पा शिकायला आला. गावाबाहेरच्या मैदानात तो सायकलवर, आणि मागून सीट धरून डॉक्टरांनी बजावलेले अण्णा. मी सीट मागितली तर म्हणाले, "तुमची चाल वेगळी, मास्तर. त्याला माझीच पाहिजे." आणि पळता पळता ओरडत, "हिंद नोडब्याड! हिंद नोडब्याड!" मागं बघू नकोस. बसप्पा पडायचा, धूळ झटकून उठायचा, आणि प्रत्येक वेळी आधी सायकलला लागलं का ते बघायचा. अण्णांनी ते पाहिलं होतं. नवा ठोकळा त्यांनी शिसवीचाच केला, आणि पटाशीनं त्यात थोडा खळगाही कोरला. "दहा वर्षं थांबायला त्याला वेळ नाही," म्हणाले.

शेवटच्या रविवारी अळनावरच्या रस्त्यावर, गाव संपतं तिथंवर आम्ही त्याला पोचवायला गेलो. अक्कानं भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी दिली होती; कॅरियर नसल्यानं ती त्यानं पाठीला बांधली. त्यानं वाकून अण्णांच्या पायांना हात लावला, दोन्ही पायांना. अण्णांनी हँडलची पकड एकदा तपासली, दोन बोटांनी चाक फिरवून बघितलं, आणि हात काढून घेतला.

"हत्तपा," म्हणाले. बस बाबा.

बसप्पा बसला. दोन हेलकावे खाल्ले आणि मग गाडी सरळ झाली. रस्ता तिथं थोडा चढाचा आहे. उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, एका लयीत तो वर जात राहिला. पाठ ताठ, खांदे सारखे. त्याला सांगितलं होतं तसं त्यानं मागं बघितलं नाही. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं त्याच्याकडं नुसता एक कटाक्ष टाकला आणि बैल बाजूला घेतले. त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

अण्णा पट्टी हातात धरून बघत होते. वीस वर्षं त्यांनी ती सायकल चालवली होती, पण तिला चालताना कधी पाहिलं नव्हतं. ते कसं दिसतं हे मला ठाऊक होतं, कारण मी सहा वर्षं त्यांच्या मागून गेलो होतो. चढावर बसप्पा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"मास्तर, मी असाच दिसत होतो?"

"असेच, अण्णा," मी म्हटलं. "सूतभरही फरक नाही."

त्यांनी पट्टीची घडी केली आणि खिशात ठेवली. आम्ही परत निघालो. फलाटावरच्या त्या प्रसंगानंतरसुद्धा ते रोज बोळातूनच ये-जा करत होते, म्हणून बोळाचं तोंड आलं तसा मी सवयीनं वळलो. वळून बघतो तर अण्णा पुढं गेले होते. स्टेशनरोडच्या मधून, दुपारच्या लख्ख उन्हात, ते लंगडत चालले होते. नाक्यावरच्या टांगेवाल्यांनी रामराम केला. अण्णांनी थांबून, त्यांच्याकडं बघून रामराम घेतला, आणि मी त्यांना गाठायला पळालो.